ट्रॅक्टर गेला, नाव राहिलं

जुन्या ट्रॅक्टरच्या सौदापावतीत एक ओळ हमखास असते. "आज रोजीपासून सदर वाहनाची सर्वस्वी जबाबदारी लिहून घेणार यांची राहील." संगमनेर काय किंवा अकोले, कोपरगाव काय, तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे हा मजकूर तयारच असतो. नावं, चासी नंबर, इंजिन नंबर आणि रक्कम तेवढी भरायची. पूर्वी शंभराच्या बॉण्डवर भागायचं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तो पाचशेचा झाला. दोन साक्षीदार सह्या करतात, विसार वजा जाता उरलेली रक्कम मोजली जाते, किल्ली या हातातून त्या हातात जाते. लिहून देणार घरी येतो आणि अंघोळ करून मोकळा झाल्यासारखा जेवायला बसतो.

ती ओळ खोटी नसते, पण ती फक्त सह्या करणाऱ्या दोघांना बांधते. पुढे कधी त्या ट्रॅक्टरखाली कुणी आलं, तर त्या माणसानं बॉण्डवर सही केलेली नसते. बँकेनं केलेली नसते, विमा कंपनीनं नाही, तहसीलदारानंही नाही. त्यांच्या लेखी ट्रॅक्टर कुणाचा, हे वेगळ्याच कागदावरून ठरतं. गंमत अशी की विकणारा शेतकरी घाबरतो ते दुसऱ्याच गोष्टीला. महिन्याभरात इंजिन बसलं तर घेणारा दारात येईल, चार लोकांत बोलेल, पैसे परत मागेल, ही त्याची धास्ती असते. कायदा पाहिला तर या बाबतीत तो बराचसा सुरक्षित आहे. जिथं तो बेफिकीर असतो, तिथंच पाय अडकतो.

आधी इंजिनाचं बघू. वस्तूंच्या विक्रीचा आपल्याकडचा कायदा १९३० सालचा, म्हणजे ट्रॅक्टर खेडोपाडी पोचायच्या कितीतरी आधीचा. त्याचं कलम १६ विकणाऱ्याच्या बाजूनं सुरू होतं. विकलेल्या मालाच्या दर्जाबद्दल किंवा तो अमुक कामाला चालेल याबद्दल, न बोलता गृहीत धरलेली हमी सर्वसाधारणपणे नसते. अपवाद आहेत, पण त्यातले महत्त्वाचे अपवाद धंदा करणाऱ्याला लागू होतात. जो माणूस तसाच माल विकण्याच्या व्यवसायात आहे, ज्याच्या जाणकारीवर विसंबून गिऱ्हाईक घेतं, त्याच्यावर माल कामाचा निघण्याची जबाबदारी येते. हायवेला पत्र्याचं शेड टाकून, दहा-पंधरा जुने ट्रॅक्टर रंगवून ओळीत उभे करणारा माणूस यात बसतो. ग्राहक आयोगाचं दारही प्रामुख्यानं अशाच विक्रेत्याविरुद्ध उघडतं. स्वतःच्या शेतात बारा वर्षं चालवलेला एकुलता एक ट्रॅक्टर विकणारा जोर्व्याचा शेतकरी यात सहसा बसत नाही. सौद्यानंतर दीड महिन्यानं क्लचप्लेट गेली, पंप गेला, लिफ्ट धरेना, तर तो घेणाऱ्याचा खर्च. मालकी हस्तांतरित झाली की जोखीमही तिच्याबरोबर जाते, असं त्याच कायद्याचं कलम २६ सांगतं.

मात्र तोंडानं दिलेली हमी ही हमीच असते. "इंजिनाचं काम मागच्या वर्षीच केलंय, बोअर-पिस्टन नवं आहे" हे वाक्य दोन साक्षीदारांपुढं उच्चारलं आणि ते खोटं निघालं, तर "मी खासगी विकणारा आहे" ही ढाल कामी येत नाही. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो, आणि फसवणूक नंतर उघडकीला आली असेल तर मुदत ती कळल्यापासून, किंवा नीट पाहिलं असतं तर कळली असती तेव्हापासून, मोजतात. पोलीस ठाण्यात गेलं तर "हा दिवाणी मामला आहे" असं उत्तर बहुधा मिळतं. पण सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता असं दाखवता आलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे जुनं ४२०, लागू शकतं.

मग जे बोललोच नाही त्याचं काय? १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ खाली याची उदाहरणं दिलेली आहेत, आणि ती ट्रॅक्टरची नसली तरी आपल्या बाजारातली वाटावीत अशी आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे. तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. इथं नातं असं आहे की दोष सांगणं बापाचं कर्तव्य ठरतं. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं धरून चालतो." विकणारा गप्प बसतो. इथं गप्प बसणं हेच बोलणं झालं.

लोणी किंवा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिथं घेणारा विचारतोच, "खोड काय हाये का?" आणि त्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर, किंवा न मिळालेलं उत्तर, हा सौद्याचा भाग असतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र तोच माणूस रंग आणि टायर बघून भुलतो आणि खोड विचारायचं विसरतो. तिसरं उदाहरण लक्षात ठेवलं तर घेणाऱ्यानं एकच करावं: साक्षीदारांसमोर सरळ विचारावं. विकणाऱ्यानंही ते विचारलं जाईल असं धरूनच बसावं.

गप्प बसणं आणि लपवणं यांत कायदा मोठा फरक करतो. कलम १७ मध्ये 'माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे दडवणं' ही फसवणूकच ठरवली आहे. ट्रॅक्टरमध्ये हे कसं होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. मागच्या धुरीचं घर, ज्याला मिस्त्री ट्रम्पेट म्हणतात, ते अवजड ट्रॉली ओढून कधी कधी तडकतं. बिडाला वेल्डिंग धड बसत नाही, पण तात्पुरतं बसवता येतं. वरून लांबी, मग प्रायमर, मग कंपनीच्या रंगाचा हात. ऑइल पाझरू नये म्हणून आतलं ऑइलच कमी ठेवलेलं. उठून दिसू नये म्हणून सगळाच ट्रॅक्टर रंगवलेला. आणि गिऱ्हाईक येणार त्या सकाळी इंजिन अर्धा तास आधीच चालू करून गरम ठेवलेलं, म्हणजे थंड इंजिनाला लागणारे आठ-दहा स्टार्टर आणि पांढरा धूर दिसत नाही. तास दाखवणाऱ्या मीटरची वायर कधीचीच काढलेली. यातलं प्रत्येक काम हातानं केलेलं असतं. घोड्याचा मालक नुसता गप्प होता; हा गप्प नाही. इथं घेणाऱ्याला सौदा रद्द करून मागता येतो, आणि "जसा आहे तसा घेतला" हे बॉण्डवरचं वाक्य विकणाऱ्याला वाचवत नाही.

"जसा आहे तसा" या शब्दांचा एक जुना खटला इंग्लंडात गाजला होता. न्यूबरीच्या बाजारात एकानं रोग लागलेली डुकरं "सर्व दोषांसह" म्हणून विकली. ती मेली, आणि घेणाऱ्याची आधीची डुकरंही लागण होऊन मेली. १८७८ साली तिथल्या सर्वोच्च पीठानं, हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, विकणाऱ्याला सोडून दिलं: त्यानं डुकरं निरोगी आहेत असं कधी म्हटलंच नव्हतं. निकाल कडवट आहे, आणि मला तो आवडत नाही, पण आपल्या करार कायद्यातला घोडा आणि ही डुकरं एकाच गोठ्यातली आहेत. आपल्या कायद्याच्या कलम १९ मध्ये तर घेणाऱ्यालाच टोचणारं आणखी एक वाक्य आहे. नुसत्या मौनाच्या फसवणुकीत, साध्या तपासणीनं दोष कळण्यासारखा होता आणि घेणाऱ्यानं ती केली नाही, तर करार रद्द करून मिळत नाही. म्हणून ओळखीचा मिस्त्री घेऊन जाणं हा कायद्याच्या दृष्टीनंही शहाणपणा आहे. त्यानं थंड इंजिन स्वतः चालू करावं, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघावं, रोटाव्हेटर जोडून लिफ्ट वर घ्यावी आणि इंजिन बंद करून ती किती वेळात खाली बसते ते पाहावं. हे सगळं केलं, तरी घेणारा फार तर काही हजारांचं नुकसान टाळतो. विकणाऱ्याचं लाखांचं प्रकरण पुढंच आहे.

त्याआधी मालकी. आपण विकतोय ती वस्तू विकायचा आपल्याला हक्क आहे, आणि तिच्यावर लपवलेला बोजा नाही, ही हमी विक्री कायद्याच्या कलम १४ प्रमाणे प्रत्येक विक्रीत, खासगी असो वा दुकानातली, न लिहिताही असते. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असताना, हप्ते बाकी ठेवून केलेला सौदा इथंच फसतो. कर्ज फिटलं की बेबाकी दाखला मिळतो, पण तेवढ्यानं भागत नाही. फॉर्म ३५ वर बँकेची सही-शिक्का घेऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो. कितीतरी लोक बेबाकी दाखला ट्रंकेत ठेवतात आणि आरसीवर बोजा तसाच राहतो. सरकारी अनुदानावर घेतलेलं अवजार असेल, तर ठरावीक काळ विकणार नाही असं हमीपत्र आपणच कधीतरी लिहून दिलेलं असतं, तेही काढून वाचावं. आणि घरोघरी आढळणारा प्रकार म्हणजे वडिलांच्या नावावरचा ट्रॅक्टर. वडील जाऊन चार वर्षं झाली, थोरला तो वापरतो आणि थोरलाच विकतो. कायद्यानं मालकाच्या मृत्यूनंतर वारसांनी परिवहन कार्यालयाला कळवून फॉर्म ३१ भरून वाहन आपल्या नावावर करायचं असतं. ते न करता विकलं, तर धाकटा भाऊ किंवा लग्न होऊन गेलेली बहीण उद्या विचारू शकते की आमच्या हिश्शाचं काय. घेणारा तेव्हा थोरल्याच्याच दारात येणार.

आता पुस्तकाकडे येऊ. आरसीला आपल्याकडे अजून 'पुस्तक' किंवा 'बुक'च म्हणतात, ती प्लास्टिकच्या कार्डाची झाली तरी. संगमनेरच्या वाहनांचं पुस्तक श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाचं, म्हणून नंबर एमएच १७. ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे, त्यामुळे त्याला १९८८ चा मोटार वाहन कायदा पुरेपूर लागू होतो. त्याच्या कलम ५० प्रमाणे एकाच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत मालकीबदल कळवायचा. विकणाऱ्याचा फॉर्म २९, दोघांच्या सह्यांचा अर्ज फॉर्म ३०. आणि कलम २(३०) मध्ये 'मालक' कोण याची व्याख्या आहे: ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो. कर्जावरच्या वाहनाचा अपवाद सोडला, तर पैसे कुणी दिले, किल्ली कुणाकडे, डिझेल कोण टाकतं, याला त्या व्याख्येत जागा नाही. आधीच्या, १९३९ च्या कायद्यात 'मालक' हा शब्द इतका नोंदणीशी बांधलेला नव्हता. नव्या कायद्यानं तो मुद्दाम बांधला.

याचा अर्थ किती कडक आहे हे सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगितलं. गाडी होती मोटार, ट्रॅक्टर नव्हे, पण कायदा तोच. विजय कुमार यांचं म्हणणं, आपण ती २००७ मध्येच विकली. तिथून ती हातोहात पुढं गेली, एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे. पुस्तक मात्र कुणीच बदललं नाही. २७ मे २००९ च्या सकाळी ती मागं घेताना एका मुलाच्या अंगावरून गेली आणि तो जागीच ठार झाला. भरपाई ठरली पावणेचार लाख. उच्च न्यायालयानं ती साखळीतल्या नंतरच्या खरेदीदारावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा विजय कुमार यांच्याच माथी मारली. कारण सरळ होतं: ज्याच्या घरातलं मूल गेलं, त्यानं न नोंदलेल्या खरेदी-विक्रीची साखळी शोधत फिरायचं का? कायद्यानं एक नाव ठरवून दिलंय, ते पुस्तकावरचं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या प्रकाशचंद डागा यांच्या खटल्यात तर विक्री आणि अपघात यांत महिन्याचंही अंतर नव्हतं. घेणाऱ्याला कायद्यानं दिलेली ३० दिवसांची मुदतही संपली नव्हती. तरी न्यायालयाचं उत्तर तेच राहिलं. ती मुदत अर्ज करण्यासाठी आहे. तोवर रस्त्यावर काय झालं याचा भार विकणाऱ्यावरून उतरत नाही.

इथं कुणी म्हणेल, विमा कशासाठी असतो? प्रश्न बरोबर आहे, आणि पहिलं वर्ष बहुतेकांना त्याच्यामुळेच काही कळत नाही. चालू पॉलिसी असेल तर कलम १५७ प्रमाणे वाहनाबरोबर तिचं तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप गेलं असं धरलं जातं, आणि कंपनी जखमीला पैसे देते. पण पॉलिसी एक दिवस संपते. नव्या माणसाच्या नावावर पुस्तक नाही, म्हणून नूतनीकरणाचा निरोप जुन्याच्या मोबाइलवर येतो. जुना म्हणतो, आता आपला काय संबंध. नवा म्हणतो, शेतातच तर चालतो. विमा संपलेला ट्रॅक्टर मग ऊस घेऊन अमृतनगरच्या कारखान्याकडे निघतो, रात्री, मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नसताना.

विमा चालू असला तरी तो शेतीकामाचा असतो, हे दुसरं खोडं. सर्वोच्च न्यायालयापुढं २००७ साली ब्रिज मोहन नावाच्या मजुराचं प्रकरण आलं. तो वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर होता. विमा शेतीसाठीचा, काम भट्टीचं, म्हणून कंपनीची मूळ जबाबदारी नाही असं न्यायालयानं म्हटलं. गरिबाचे हाल नकोत म्हणून विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला लावले आणि मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. मालकाकडून, म्हणजे पुन्हा पुस्तकावरच्या नावाकडून. ट्रॅक्टर आपण शेतीसाठी विकला, घेणाऱ्यानं तो भट्टीला लावला, वऱ्हाडाला लावला, मडगार्डवर तीन माणसं बसवली, यावर आपला काडीचाही ताबा नसतो.

आणि भरपाई भरली नाही तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

अपघात सोडा, वाळू घ्या. प्रवरेच्या आणि घारगाव-साकूरकडे मुळेच्या पात्रातून चोरून वाळू काढण्याचे प्रकार बातम्यांत नवे नाहीत. महसूल पथकानं ट्रॅक्टर धरला की ड्रायव्हर पळतो, उरतो तो नंबर. नंबरावरून नाव निघतं आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली नोटीस त्या नावावर जाते. तिथं बॉण्ड दाखवून, साक्षीदार उभे करून सुटका होऊ शकते, कारण चोरी प्रत्यक्ष कुणी केली हे तिथं बघावं लागतं. पण तहसीलच्या पायऱ्या झिजतात त्या जुन्या मालकाच्या चपलेनं.

इतकं असूनही लोक नाव का बदलत नाहीत? आळस हे एक कारण आहेच, आणि श्रीरामपूरचा हेलपाटा हे दुसरं, जरी आता बरंचसं काम परिवहनच्या पोर्टलवरून होतं. १५ वर्षं उलटलेल्या ट्रॅक्टरची नोंदणी आधी नव्यानं करून घ्यावी लागते, विमा चालू लागतो, त्याचा खर्च कुणी करायचा यावर घोडं अडतं. पण खरं कारण उधारी आहे. सौदा चार लाखांचा, रोख अडीच, बाकी ऊसबिल आल्यावर. विकणारा म्हणतो, पूर्ण पैसे आल्याशिवाय सही नाही. त्याला वाटतं, पुस्तक आपल्याकडे म्हणजे लगाम आपल्या हातात.

हा लगाम उलटा आहे. ट्रॅक्टरचा ताबा दिला की बाकी पैशासाठी तो अडवून ठेवण्याचा विकणाऱ्याचा हक्क विक्री कायद्याप्रमाणे संपतो. उरतो तो किमतीचा दावा. पुस्तकावर नाव आपलं आहे म्हणून रातोरात ट्रॅक्टर ओढून आणला, तर आपल्यावरच चोरीची फिर्याद होऊ शकते. म्हणजे पुस्तक अडवून वसुलीची खात्री मिळत नाही, आणि मधल्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक अपघाताची जबाबदारी मात्र आपल्याकडे राहते. मला विचाराल तर पंधरा-वीस हजार कमी घ्यावेत, घेणाऱ्याला बँकेतून किंवा पतसंस्थेतून कर्ज काढायला सांगावं, संगमनेरात पतसंस्थांचा तोटा नाही, आणि पैसे व सही एकाच दिवशी उरकावं. तेही जमत नसेल तर नाव बदलून द्यावं आणि बाकी रकमेचे तारखा घातलेले चेक घ्यावेत. बुडीत चेकचा खटला परवडतो.

दुसरी सवय कोऱ्या फॉर्मवर सह्या करण्याची. २९ आणि ३० वर सही, तारीख नाही, घेणाऱ्याचं नाव नाही, गठ्ठा दलालाच्या पिशवीत. दलालाला हे सोयीचं असतं. तो ट्रॅक्टर पुढच्या गिऱ्हाइकाला त्याच कागदांवर विकतो आणि एका बदलाचा खर्च वाचवतो. मधल्या काळात ट्रॅक्टर कुणाकडे होता हे देवालाच ठाऊक. यावर केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यानं परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यायचं, आणि मालकानं वाहन त्याच्या ताब्यात दिल्याचं पोर्टलवर कळवलं की तो व्यापारीच मानीव मालक होतो. त्यापुढच्या कागदपत्रांची आणि घटनांची जबाबदारी त्याची. व्यापाऱ्याला ट्रॅक्टर देणाऱ्यानं त्याच्याकडे हे अधिकारपत्र आहे का, एवढा एक प्रश्न विचारावा. नसेल तर तो आपल्या लेखी दलालच, शेड कितीही मोठं असो.

ट्रॉलीचं कुणी बघतच नाही. कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहन आहे. त्याची नोंदणी आणि हस्तांतर वेगळं. गावच्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या कितीतरी ट्रॉल्यांना नंबरच नसतो, आणि "जोड दिली" एवढ्यात ती विकली जाते. बिननंबरी ट्रॉली विकताना निदान तशी ती आहे हे पावतीत लिहावं.

रोटाव्हेटर, ब्लोअर, कडबाकुट्टी, मळणी यंत्र यांना पुस्तकच नाही, त्यामुळे विकल्यावर नाव मागं राहत नाही. राहतं ते आपण काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही. इथं प्रश्न पैशाचा कमी, हातापायांचा जास्त. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, साडीचा पदर, रेनकोटची दोरी त्यात अडकली तर 'बंद कर' म्हणेपर्यंत हात गेलेला असतो. नव्या अवजाराबरोबर शाफ्टवर प्लास्टिकचं आवरण येतं. ग्रीस मारताना ते आडवं येतं म्हणून पहिल्याच हंगामात काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकलं जातं, आणि यंत्र विकताना ते माळ्यावरच राहतं. मळणी यंत्राचा घास टाकायचा लांब झाकलेला भागही असाच कापून आखूड केलेला असतो, काम भरभर उरकावं म्हणून. मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके वाढले होते की १९८३ साली संसदेनं धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. त्याचा मुख्य रोख बनवणाऱ्यांवर, विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर आणि मजूर लावणाऱ्यांवर आहे.

एखादा भाग धोकादायक आहे हे ठाऊक असून खासगी विकणारा गप्प राहिला आणि मजुराचा हात गेला, तर घोड्याचं पहिलं उदाहरण त्याच्या मदतीला येईलच असं नाही. ते घेणारा आणि देणारा यांच्यातलं आहे, मजूर त्या सौद्यात नव्हता. निष्काळजीपणाचा दावा स्वतंत्र असतो. विकणाऱ्याच्या बाजूनं सगळ्यात भक्कम उभी राहते ती दिलेली सूचना. पावतीत एक ओळ पुरते: "शाफ्टचं गार्ड नाही, बसवल्याशिवाय वापरू नये, हे सांगितलं व समजलं." आणि गार्ड माळ्यावर असेल तर ते काढून देणं त्याहून सोपं.

राहता राहिले ते लोक ज्यांनी दोन-चार वर्षांपूर्वीच ट्रॅक्टर विकला आणि हे वाचून आता खिसे चाचपतायत. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणी आणि विम्याची मुदत दिसते, आणि मालकाचं नाव पूर्ण दिसलं नाही तरी आपलंच आहे का हे ओळखू येतं. अजून आपलंच असेल तर घेणाऱ्याला गाठावं, समजुतीनं नाव बदलून घ्यावं, लागलंच तर हस्तांतराचा खर्च आपण करावा. तो दाद देत नसेल तर बॉण्डची प्रत जोडून फॉर्म २९ आपल्या बाजूनं श्रीरामपूरला दाखल करावा, पोच घ्यावी, एक प्रत घेणाऱ्याला स्पीड पोस्टानं पाठवावी. यानं जबाबदारी पूर्ण सुटेल असं नाही, कारण पुस्तकावर नाव आपलंच असतं. पण आपण कळवलं होतं याचा तारखेसह पुरावा हाती येतो, आणि भरपाई द्यावी लागलीच तर बॉण्डवरच्या त्याच ओळीच्या आधारे ती घेणाऱ्याकडून वसूल करण्याचा दावा उभा राहतो. नाव बदलेपर्यंत त्या ट्रॅक्टरचा तिसऱ्या व्यक्तीचा विमा मात्र संपू देऊ नये. हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा लागला, तरी भरावा.